सात तुकडे मांजरपाट

डिंकाची पुडी खिशात टाकून महांतप्पा वळला, तेव्हा दुकानासमोर एक गाडीवान पाठीवरचं पोतं उतरवत होता. पोतं खाली गेलं आणि त्याच्या अंगातली बंडी दिसली. मांजरपाटाची, धुऊन धुऊन विटलेली, आणि तिच्या पाठीवर उजव्या खांद्यापासून कमरेपर्यंत वळत गेलेला एक रुंद निळा-काळा पट्टा. धाराशिवच्या बाजारात त्या दिवशी हजारभर माणसं असतील. कुणाला ठिगळ, कुणाला पोत्याचं फडकं. लढाई संपून वर्ष लोटलं तरी कापडाचं कंट्रोल काही उठलं नव्हतं, तेव्हा डागाळल्या बंडीचं कुणाला काय कौतुक असणार. महांतप्पानंही मान फिरवली असती. पण तो पट्टा कमरेजवळ एका जागी बोटभर तुटला होता आणि तिरका होऊन पुन्हा सुरू झाला होता, आणि जिभेला जशी आपल्या दातातली फट ठाऊक असते तशी ती तूट त्याला ठाऊक होती. तिथं त्याचा अंगठा घसरला होता. मोठे पट्टे तो कुंचल्यानं काढत नसे. नीळ आणि काजळी डिंकात कालवायची, कापड जमिनीवर अंथरायचं, गुडघ्यावर बसून अंगठ्याच्या मुळानं रंग ओढत न्यायचा, अशी त्याची रीत. चार वर्षांपूर्वी हा पट्टा ओढताना त्याचा हात थरथरला होता, आणि ती जागा त्यानं मुद्दाम दुरुस्त केली नव्हती. पण ते चित्र तर मुंबईला होतं. दोन वर्षं झाली, मुंबईच्या एका मोठ्या प्रदर्शनात लागून, आणखी सहा चित्रांसोबत तिथल्या शौकीन लोकांनी ठेवून घेतलेलं. ते इथं, या माणसाच्या पाठीवर, काय करत होतं?

"ही बंडी कुठं शिवली?" त्यानं विचारलं. आपला आवाज त्याला दुसऱ्याच कुणाचा वाटला.

गाडीवान गडी मोकळा होता. "घरीच की, ढोकीला. का, पायजे का?" असं म्हणून तो हसला. "कापड नाक्यावर हर्राजात, लिलावात घेतलं, मालक. हद्दीवर करोडगिरीच्या जकातवाल्यानं कुणाचं तरी धरलं हुतं. सात तुकडं. असला मांजरपाट आजकाल हाताला लागतोय कुठं? पर कुण्या येड्यानं त्येच्यावर रंग सांडलाला. बायकूनं तीनदा खारात उकळलं. पांढरं ग्येलं, गेरू ग्येला, ही निळं काय जाईना. बाकीच्याची उशीची खोळ केली, पोरांच्या कुडत्या केल्या, आन् एकाचं..." समोरचा माणूस मास्तरासारखा दिसतो हे लक्षात येऊन तो थांबला. "लंगूट," तो जरा ओशाळून म्हणाला आणि पुढच्या पोत्याकडं वळला.

सात. आकडा ऐकला आणि महांतप्पानं हिशोब केला. एक असतं तर म्हणता आलं असतं, चोरीला गेलं असेल, वाटेत गळलं असेल. सातच्या सात म्हणजे मुंबईला काहीच गेलं नव्हतं. निजामाच्या मुलखातून इंग्रजांच्या मुलखात, बार्शीकडं, जाताना हद्दीवर नाका लागतो. जकात तिथं घेतात, आणि कंट्रोल लागल्यापासून तर चिंधीसुद्धा तपासल्याशिवाय बाहेर जाऊ देत नाहीत. चित्रं तिथंच थांबली होती. आणि ती घेऊन गेलेला माणूस दहाव्या दिवशी परत येऊन म्हणाला होता, लावली. तो माणूस आत्ता या घटकेला कचेरीच्या आवारात लिंबाखाली बसलेला असणार. महांतप्पा कचेरीकडं चालू लागला, पण चालतोय की उभा आहे हे त्याला कळत नव्हतं. उन्हानं डोळे दिपत होते आणि डोळ्यांपुढं सारखी आईनं सारवलेली जमीन येत होती. लोहारा गावातलं घर, मातीचं. आई, मल्लम्मा, उकिडवी बसून शेणाचा हात फिरवत मागं मागं सरकायची, आणि वाळल्यावर जमिनीत तिच्या हाताचे अर्धगोल उरायचे, एकात एक अडकलेले. लहान महांतप्पा त्यांच्यावरून बोट फिरवत तासन् तास बसे. कशाचं चित्र होतं ते? कशाचंच नाही. पण त्यात आईचा हात होता, तिची घाई होती, ज्या दिवशी ती चिडलेली असे त्या दिवशी अर्धगोल आखूड पडत. हैदराबादेला चित्रं शिकायला गेला तेव्हा हे कुणाला सांगायची सोय नव्हती. तिथं त्यानं चार वर्षं सुरई काढली, पोपट काढला, पगडीवाला म्हातारा काढला. हात चांगला होता. परत येऊन धाराशिवच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर झाला, सावकारांच्या मेलेल्या बापांच्या तसबिरी रंगवल्या, मठातले स्वामी रंगवले, आणि लोक म्हणाले, वा मास्तर, आता बोलतील बघा. मग वयाच्या एकतिसाव्या वर्षी त्याच्या हातून माणसं उतरेनाशीच झाली. कागद सोडून तो कापडावर आला, कुंचला सोडून अंगठ्यावर आला, आणि नुसते पट्टे ओढू लागला. जो तो विचारी, मास्तर, हे कशाचं हो? तो म्हणे, कशाचंच न्हाय. असं म्हणताना त्याला लाजही वाटे आणि मग्रुरीही चढे. हेडमास्तर हसले, पोरं फळ्यावर रेघोट्या मारून खाली त्याचं नाव लिहू लागली. हसेनात का. सारं गाव हसलं तरी त्याला फिकीर नव्हती, कारण बलभीम हसला नव्हता.

बलभीम अर्जनवीस. लोकांची गाऱ्हाणी ऐकायची आणि ती उर्दूत अशी उतरवायची की वाचणाऱ्याच्या काळजाला पाझर फुटला पाहिजे, हा त्याचा धंदा. संध्याकाळी कचेरी सुटली की तो महांतप्पाच्या माडीवर येई, भिंतीला पाठ टेकून बसे, विडी पेटवी आणि समोरच्या कापडाकडं बघत राही. तासभर. जाताना म्हणे, "हाय गड्या, कायतरी हाय ह्यात." बास, एवढंच. पण या एवढ्याशा कायतरीवर महांतप्पानं आपलं घर बांधलं होतं म्हणा ना. आणि एके दिवशी बलभीमच म्हणाला, एका अशिलाच्या कामासाठी मुंबईला निघालोय, दे तुझी चित्रं, तिकडं जाणकार लोक आहेत, दाखवून येतो. सात चित्रं त्यानं गुंडाळी करून नेली. परत आला तेव्हा मोटारीतून उतरता उतरताच म्हणाला, लावली. आणि मग त्या पारशाचं सांगितलं. एक म्हातारा पारशी म्हणे रोज यायचा आणि त्या निळ्या-काळ्यापुढं उभा राहायचा. तिसऱ्या दिवशी त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला, आणि काही न बोलता निघून गेला. महांतप्पानं त्या पारशाला कधी पाहिलं नव्हतं, तरी दोन वर्षं तो त्याच्याबरोबर राहत होता. रंग कालवताना तो मनातल्या मनात त्याला विचारी, एवढं काळं बास का? पारशी मान हलवी. त्याच्या भरवशावर महांतप्पानं शाळेची नोकरी सोडली. सासरे कल्याणप्पा, लोहाऱ्याचे मोठे दुकानदार, दोनदा येऊन गेले, जावयानं दुकानात यावं म्हणून. दोन्ही वेळा शिवकांतानं, त्याच्या बायकोनं, बापाला परत पाठवलं. "आप्पा, ह्यांची चित्रं मुंबईला लागलीत," ती म्हणाली होती, "हे दुकानात बसून गूळ जोखणार न्हाईत." चित्रांबद्दल तिचं बोलणं तेवढंच. एरवी ती माडी झाडी, रंगाची वाटी धुऊन ठेवी. तिला काय वाटतं हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. आज कल्याणप्पा तिसऱ्यांदा येणार होते, आणि तिसऱ्या खेपेला नाही म्हटलं तर पुन्हा येणार नव्हते.

लिंबाखाली बलभीम दगडाबाई नावाच्या एका म्हातारीचा अर्ज लिहीत होता. महांतप्पा समोर जाऊन उभा राहिला.

"चित्रं नाक्यावरच ऱ्हायली व्हय रं?"

बलभीमचा टाक थांबला. कुठली चित्रं, कुठला नाका, असं काही त्यानं विचारलं नाही. तेवढ्यावरूनच सगळं कळलं. अंगात उरलीसुरली आशा होती ती तिथंच संपली.

"बस," बलभीम म्हणाला.

"बसत न्हाय. सांग."

बलभीमनं टाक दौतीत ठेवला. "गुंडाळी सोडायला लावली," तो खाली बघत म्हणाला. "कारकून म्हनला, ये तो कपडा है. म्या म्हनलं, कापड न्हाय सायब, तसवीर हाय. तर त्यानं एकेक तुकडा झटकला, उन्हाकडं धरला, उलटा केला, सुलटा केला. म्हनला, तसवीर है तो इसमें सूरत किधर है? माणूस न्हाय, जनावर न्हाय, झाड न्हाय. कापड चोरून न्ह्याला रंग फासलाय म्हनला, सा म्हैने आत घालतो. चार शिपाई हुते, महांता. मला माझी पोरं दिसाय लागली."

"मग तू काय म्हनलास?"

म्हातारी दोघांच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत होती. बलभीमनं अर्जाच्या कागदावर दगड ठेवला. "रंगाऱ्याची फडकी हायत म्हनलं," तो म्हणाला. "रंग पुसायची. टाकून द्या म्हनलं."

"आन् मला येऊन म्हनलास, लावली."

"सांगणार हुतो रं. शप्पत. पर तू मोटारीच्या अड्ड्यावर सकाळधरनं उभा. तुझं तोंड बघितलं आन् माझ्या तोंडातनं निघून ग्येलं. मग तू विचारत ग्येलास, म्या सांगत ग्येलो. अर्जाचं असंच असतंय. पयलं वाक्य लिवलं की म्होरलं लागतंयच."

"तो पारशी?"

"खानावळीत माझ्याम्होरं जेवाय बसला हुता. त्याच्या चष्म्याला घाम आलता."

एरवी महांतप्पाला हसू आलं असतं. दोन वर्षं तो एका जेवणाऱ्या माणसाला विचारून रंग लावत होता. तरीही हे सोसलं असतं. भित्रेपणा सोसवतो, थापही सोसवते. सहा महिन्यांची भीती कुणाला नाही. त्यानं शेवटची गोष्ट विचारली, आणि ती विचारली नसती तर बरं झालं असतं. "माझ्या माडीवर तासभर बघत बसायचास," तो म्हणाला. "ते तरी खरं हुतं का न्हाय?"

आता कुठं बलभीमनं मान वर केली. त्याचे डोळे ओले होते, आणि बोलला ते मायेनंच बोलला. "बघत न्हवतो, गड्या. नुसता बसायचो. तुझ्यापाशी कुणीच बसत न्हवतं म्हणून. मला त्यात कधी कायबी दिसलं न्हाय बघ. तू तसबिरी लई झ्याक काढायचास. त्याच काढ की आता."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि कापणाऱ्याला तर आपण गोंजारतोय असं वाटत होतं. कारण ते निळं-काळं चित्र कशाचं आहे हे जगात कुणाला कळायला हवं होतं, तर ते बलभीमला. महांतप्पानं हे कधी तोंडानं सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच नाही असं तो धरून चालला होता. त्याची मुलगी, गुरी, आठ महिन्यांची होऊन दोन दिवसांच्या तापात गेली, तेव्हा तिला पुरायला गावाबाहेर चार माणसं गेली होती. पहाटेची वेळ होती. काळ्या मातीत खणलेला खड्डा, आणि त्याच्या ओल्या भिंतीवर पडलेला निळसर उजेड. पोरीला खाली ठेवायची वेळ आली तेव्हा महांतप्पाचे हात कापू लागले, म्हणून बलभीम, जातीचा नाही पातीचा नाही, धोतर खोचून खड्ड्यात उतरला आणि त्यानं ते पांढरं गाठोडं वरून हळूच घेतलं. त्याच्या पोटऱ्यांना ती माती लागली होती. ती माती, तो उजेड, तो वळता काठ महांतप्पानं मग महिनाभर अंगठ्यानं ओढला, आणि खालच्या कोपऱ्यात मुठीएवढा चुना लावला. लोकांनी विचारलं, कशाचं? तो म्हणाला, कशाचंच न्हाय. दुसरं काय सांगणार होता. पण खड्ड्यात उतरलेला माणूस समोर बसून विडी ओढतोय, त्याला दिसतंय, या समजुतीवर त्यानं चार वर्षं काढली. आणि त्याला काहीच दिसत नव्हतं. सोबत म्हणून बसत होता. आजाऱ्यापाशी बसतात तसा.

तो निघाला. मागून बलभीमनं दोनदा हाक मारली. बाजार भरात आला होता, कुणाची तरी गाडी अंगावरून जाता जाता राहिली, गाडीवानानं आईमाईवरून शिव्या दिल्या. महांतप्पाला त्या नीट ऐकूही आल्या नाहीत. त्याच्या डोक्यात तो नाक्यावरचा कारकून होता, ज्याला त्यानं कधी पाहिलं नव्हतं. चित्र उन्हाकडं धरणारा, उलटंसुलटं करून बघणारा. खरं तर एवढं बारकाईनं ते चित्र दुसऱ्या कुणीच बघितलं नव्हतं. त्याला दिसलं नाही, आणि दिसत नाही असं तो तोंडावर म्हणाला. या सगळ्या प्रकरणात सरळ माणूस तेवढाच निघाला. मग त्याचंच खरं का मानू नये? ज्या चित्रात कुणालाच काही दिसत नाही ते चित्र कसलं? खड्डा माझ्या डोक्यात होता, कापडावर नव्हताच. कापडावर नीळ होती आणि काजळी होती, जी तीनदा खारात उकळूनही जात नाही, एवढाच तिचा गुण. हा विचार आला आणि त्याला एकदम हलकं वाटलं, ओकारी होऊन गेल्यावर वाटतं तसं. पण बलभीमचा राग येत होता, आणि राग पेलवत नव्हता. एवढ्या वर्षांच्या दोस्तीवर एकट्यानं किती वेळ रागवायचं. बलभीमचंच म्हणणं मान्य करून टाकलं की रागवायला काही उरत नाही, हे त्याला चालता चालता कळलं, आणि घर येईपर्यंत त्यानं ते मान्य करून टाकलं होतं.

दारात सासऱ्यांची दमणी, छोटी बैलगाडी, सोडलेली होती. कल्याणप्पा येऊन बसले होते, कपाळावर विभूतीचे पट्टे, मांडीवर पागोटं. शिवकांतानं त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. तिचा चेहरा खुलला होता. बाप पुन्हा तोच विषय घेऊन आला होता आणि ती पुन्हा तेच उत्तर द्यायला तयार होती.

"जावईबापू," कल्याणप्पा म्हणाले, "आता माझ्याच्यानं दुकान होत न्हाय. पोरगा मला न्हाय. तुमी आलाव तर ठीक, न्हाय तर चुलतभावाच्या हाती देतो. आज काय ते सांगा."

"सांगा की आप्पांना," शिवकांता म्हणाली. "मुंबईची माणसं कशी चित्रांपुढनं हलत न्हवती, ते सांगा. त्यांना माझं खरंच वाटंना."

महांतप्पानं तांब्या तोंडाला लावला, सगळं पाणी पिऊन टाकलं, तोंड पुसलं. खरं सांगायचं ठरवलं असतं तर नाका आला असता, बलभीम आला असता, गाडीवानाची बंडी आली असती. फार मोठं बोलावं लागलं असतं. त्यानं लहान वाक्य शोधलं, आणि ते तयारच होतं.

"कसली चित्रं, मामा," तो म्हणाला. "रंग पुसायची फडकी हुती ती. येतो मी दुकानात."

कल्याणप्पांचा जीव भांड्यात पडला. "हौद, हौद," ते कानडीत हो म्हणत पुटपुटले, पागोटं डोक्यावर ठेवून उठले, बैलांना वैरण टाकतो म्हणून बाहेर गेले. जाताना त्यांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच ठेवला असेल.

शिवकांता होती तिथंच उभी होती. रडली नाही, चिडली नाही. महांतप्पानं तिच्याकडं बघितलं आणि पटकन नजर काढून घेतली. सकाळी लिंबाखाली आपलं तोंड कसं झालं असेल, ते त्याला आता समोर दिसत होतं.

"ते निळं-काळंबी?" तिनं विचारलं.

"तेबी."

"असं कसं म्हणताव," ती अगदी हळू म्हणाली. "गुरी हाय की त्यात." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "मला कुणी खड्ड्यापाशी येऊ दिलं न्हाय. आईनं जायचं नसतंय म्हणाले सगळे. कशात ठिवलं, कुठं ठिवलं, म्या कायबी बघितलं न्हवतं. मग तुमी ते काढलं. तुमी शाळेत गेलाव की मी माडीवर जाऊन बसायची, तिच्यापाशी. दोन वर्षं बसले. मुंबईला धाडलंत तवा जीव तुटला माझा, पर म्हनलं, जाऊ द्या, चार लोकं तरी बघतील तिला."

महांतप्पानं रिकामा तांब्या खाली ठेवला.

"आता तुमीच फडकं म्हणल्यावर मी कुणाला सांगू," ती म्हणाली, आणि लोहाऱ्याला न्यायची भांडी बांधायला आत गेली.